माहेरपणाला न आलेल्या मासोळ्या

फार जुनी म्हणावी इतकी ही गोष्ट जुनी नाही. एका नदीच्या वरच्या अंगाला, डोंगराच्या कुशीत, मासे धरून पोट भरणाऱ्या भोयांचं एक गाव होतं. गावाला शेत नव्हतं, बाग नव्हती. नदीत एक खोल डोह होता आणि प्रत्येक घरात खुंटीला एक जाळं होतं.

दर पावसाळ्यात नदीला लाल पाणी आलं की खालून मासे वर चढायचे. पोटात अंडी घेऊन, धारेच्या उलट, खडकांवरून उड्या मारत ते या डोहापर्यंत यायचे. गाव त्यांना मासे म्हणतच नसे, माहेरवाशिणी म्हणे. लेक बाळंतपणाला माहेरी येते, तशा या आल्या. म्हणून पहिले नऊ दिवस कुणी जाळं खुंटीवरून काढायचं नाही. नदीकाठच्या वाटेनंही कुणी जायचं नाही, माहेरवाशिणीला दृष्ट लागते. दहाव्या दिवशी बायका नदीची ओटी भरायच्या आणि मग जाळी पाण्यात पडायची. या नऊ दिवसांना गावात ‘माहेरपण’ म्हणत.

माहेरपण पाळलं की डोह वर्षभर भरलेला राही. ज्या म्हाताऱ्यानं ही रीत घालून दिली, तो खरंच शहाणा होता. पण तो कधीच मरून गेला होता, आणि त्याच्या जागेवर आता दुसरे म्हातारे बसले होते.

एकदा राजाची माणसं गावात आली. खाली, दीड दिवसाच्या वाटेवर, नदीला आडवी भिंत घालायची होती. राजाच्या शहराला पाणी हवं होतं.

“तुमची काही हरकत?” त्यांनी विचारलं.

गावचा कारभारी हसला. “हरकत कसली? भिंत खाली, आम्ही वर. नदीत जे येतं ते वरून येतं. तुम्ही खाली काहीही करा, आमचं काय जातंय?”

पंचांनी माना डोलावल्या. कारभाऱ्यानं आपल्या हातानं नारळ दिला. पिढ्यान् पिढ्या माहेरवाशिणींची वाट पाहणारी ही माणसं; पण त्या येतात कुठून, हे त्या दिवशी एकालाही आठवलं नाही.

भिंत उभी राहिली त्याच वर्षी हौसा नावाची एक मुलगी लग्न होऊन या गावात आली. तिचं माहेर भिंतीच्या पलीकडे, नदीच्या खालच्या गावात होतं.

त्या पावसाळ्यात लाल पाणी आलं. मासे आले नाहीत.

“कुणीतरी माहेरपण मोडलंय,” पंच म्हणाले, आणि चोर शोधायला घरोघर जाऊन लोकांचे हात हुंगू लागले.

“तळहात दाखव रे.”

“बघा की, आबा. भोयाच्या हाताला माशाचा वास नाही येणार तर काय चाफ्याचा येणार?”

“उलट बोलतोस?”

चोर सापडला नाही. मग पंचांनी ठरवलं, नऊ दिवस कमी पडले असतील, पुढच्या वर्षी पंधरा दिवस पाळू. पुढच्या वर्षी पंधरा दिवस पाळले. मासे आले नाहीत. मग ठरलं, एकवीस पाळू. जितके दिवस वाढले, तितके दिवस नदीकाठची वाट बंद राहिली. खाली काय चाललंय ते पाहायला कुणी गेलं नाही, कारण जाणं हेच पाप होतं.

तिसरा पावसाळा आला. लोक डोंगरातले कंद उकडून खात होते, खेकड्यांच्या बिळात हात घालत होते. खुंटीवरची जाळी उंदरांनी कुरतडली. एकविसातले बारा दिवस सरले तरी पाण्यात एक शेपटी हलली नाही.

पंच पुन्हा बसले. या वेळी त्यांच्यापैकी एकाला उत्तर सापडलं.

“कारभारी, मासे कधीपासून गेले?”

“तीन पावसाळे झाले.”

“आणि ही हौसा कधी आली?”

 मग सगळे एकदम बोलू लागले. आलीच की त्या वर्षी! पांढऱ्या पायाची आहे! आपण उगीच एकमेकांचे हात हुंगत बसलो, पाय बघायचे राहूनच गेले!

हौसाला बोलावण्यात आलं. कारभाऱ्यानं घसा साफ केला. तो वाईट माणूस नव्हता, फक्त आपल्याला सगळं कळतं असं समजायची त्याला सवय लागली होती.

“पोरी, एकविसावा दिवस उजाडेपर्यंत वाट बघू. तोवर मासे आले तर बरंच झालं. नाही आले तर तुला माहेरी पोचवू. कायमची. गावाच्या पोटाचा प्रश्न आहे, मनाला लावून घेऊ नकोस.”

“मनाला नाही तर कशाला लावून घेऊ, आबा?” हौसा म्हणाली. “मी केलं तरी काय?”

“तू काही केलं नाहीस. तुझ्या पायानं केलं.”

 घरी येऊन ती उंबऱ्यावर बसली आणि आपले पाय बघू लागली. डावा पाहिला, उजवा पाहिला. टाचेला भेगा होत्या, अंगठ्याला ठेच लागली होती. या पायांनी नदी रिकामी केली? इतकी सगळी जाणती माणसं म्हणतात, म्हणजे काहीतरी असेलही. तिला रडू येत होतं आणि रागही येत होता, आणि दोन्हींतलं आधी कशाला वाट द्यावी हे तिला समजत नव्हतं. नवरा दारात उभा राहून नुसताच खांब खाजवत होता.

सासू चुलीपाशी होती. तिथूनच म्हणाली, “बघून मिळालं का काही पायात?”

“नाही, आत्याबाई.”

“मग ऊठ. ज्या पायांवर आळ आलाय त्यांनीच जाऊन बघून ये, मासे कुठं गेले ते. नदीच्या वाटेनं जा.”

“माहेरपण चालू आहे. वाट बंद आहे.”

“ज्यांच्यासाठी बंद आहे त्या आल्यात कुठं?” सासूनं तिच्या हातात भाकरीचं फडकं दिलं. “आणि रिकामी येऊ नकोस. ही हंडी घेऊन जा.”

हौसा निघाली. नदीकाठच्या वाटेवर गुडघाभर गवत माजलं होतं. दीड दिवस ती चालली. जसजशी खाली गेली तसतशी नदी रुंद झाली, संथ झाली आणि शेवटी नदी राहिलीच नाही, नुसतं पसरलेलं पाणी झालं. पुढे काळ्या दगडांची भिंत होती, दहा माणसं एकावर एक उभी राहतील इतकी उंच. ती कडेच्या पायऱ्यांनी वर चढली आणि तिनं पलीकडे वाकून पाहिलं.

खाली पाणी उकळत होतं. निदान तिला आधी तसंच वाटलं. मग तिनं नीट पाहिलं. ते मासे होते. हजारो मासे. एक उडी मारायचा, भिंतीवर आपटायचा, पडायचा, लगेच दुसरा उडायचा. दगडांवर खवले चिकटून चिकटून भिंत हातभर उंचीपर्यंत चमकत होती. माहेरवाशिणी दारावर डोकं आपटत होत्या.

आणि काठावर तिच्या माहेरचं सगळं गाव टोपल्या घेऊन उभं होतं. जाळ्याची गरजच नव्हती. टोपली बुडवायची आणि उचलायची. हौसा पलीकडच्या पायऱ्यांनी खाली उतरली.

“हौसे! अगं बाई, माझी हौसा!” तिची आई ओल्या हातांनी धावत आली. “तुझं लग्न झालं आणि नदी पावली बघ आम्हाला! तीन वर्षं झाली, नुसती लयलूट आहे. सगळा गाव म्हणतो, लेकीचा पायगुण!”

हौसानं आपल्या पायांकडे पाहिलं. तिकडे तिचा पाय पांढरा, इकडे लक्ष्मीचा. पाय तर तेच दोन होते. दर दिवाळीला आई कुणातरी माणसाबरोबर सुक्या मासळीची जुडी पाठवायची. ती जुडी तिनं सासरी बसून खाल्ली होती. इतकी मासळी आली कुठून, हे तिनंही कधी विचारलं नव्हतं.

“आई, ही आमच्या डोहाची मासळी आहे,” ती म्हणाली.

आईनं तिच्या कपाळाला हात लावून पाहिला. “ऊन लागलं का गं? पाण्यातला मासा कुणाचा असतो होय? ज्याच्या टोपलीत त्याचा.”

“यांची पोटं बघ. अंडी आहेत. ही तुम्ही खाल्लीत तर पुढं काय खाल?”

“तीन वर्षं खातोय की. अजून येतायत.”

“आणि यंदा पहिल्या वर्षाइतक्या आल्यात?”

 बाजूच्या दोघीतिघींनी एकमेकींकडे पाहिलं आणि टोपल्या पुन्हा बुडवल्या.

हौसा पुन्हा भिंतीवर चढली. तिथे राजाचा रखवालदार छत्री धरून बसला होता.

“दादा, तुम्ही मासे का अडवलेत?”

“मी? मी पाणी अडवतो. मासे अडवायचा मला हुकूमच नाही.”

“पण ते अडलेत.”

“ते त्यांच्या मनानं अडलेत. त्यात माझा दोष नाही.”

“मग त्यांना वाट करून द्या.”

“वाट द्यायचाही हुकूम नाही.” रखवालदार तसा बोलका होता, दिवसभर कुणी बोलायला नसे. “हे बघ, भिंतीच्या कडेला दगडांची उतरंड करता येते. थोडं पाणी सोडायचं, मासे टप्प्याटप्प्यानं चढतात. दुसऱ्या नदीवर केलंय आम्ही. पण तिथल्या गावानं येऊन सांगितलं होतं. तुमच्या गावाची काही तक्रारच नाही. तुमच्या कारभाऱ्यानं तर नारळ दिला होता. तो येऊन म्हणाला, की माझी चूक झाली, आमचं नुकसान होतंय, तर मी लिहून वर पाठवतो.”

“कारभारी असं कधीच म्हणणार नाहीत.”

“मग मीही कधीच पाठवणार नाही,” रखवालदार म्हणाला आणि त्यानं छत्री दुसऱ्या खांद्यावर घेतली.

हौसानं खाली उतरून हंडीत पाणी भरलं. पोट टम्म झालेल्या दोन मासोळ्या आणि दोन नर तिनं आत सोडले. हंडी डोक्यावर घेऊन ती भिंत चढली, पलीकडे उतरली आणि आल्या वाटेनं चालू लागली. वाटेत हजार वेळा थांबून तिनं पाणी बदललं.

सतराव्या दिवशी ती गावात पोचली आणि थेट पंचांपुढे जाऊन हंडी ठेवली.

मासोळी हंडीत उसळली. कारभाऱ्याच्या मिशांवर पाणी उडालं. तीन वर्षांत त्यानं जिवंत मासोळी पाहिली नव्हती. त्याचा हात आपोआप पाण्यात गेला, आणि क्षणभर त्याचा चेहरा लहान मुलासारखा झाला. मग त्याला आपण कारभारी असल्याची आठवण झाली.

“ही धरलीस कधी?”

“परवा. आबा, तिकडे भिंतीखाली हजारो...”

“परवा! म्हणजे माहेरपणात!”

“माहेरपणात मासा धरला!” पंच ओरडले. “आणि नदीच्या वाटेनं गेली! स्वतःच्या तोंडानं सांगतेय! सापडला चोर!”

“अहो, पण मी धरला नसता तर दाखवला कसा असता?”

“तेच म्हणतोय आम्ही. दाखवलास म्हणजे धरलास.”

हौसानं कपाळावर हात मारला. “आबा, एवढंच सांगा. माहेरवाशीण येते कुठून?”

“सासरहून.”

“या माशांचं सासर वर आहे की खाली?”

 पंचांपैकी एकानं वर बोट दाखवलं, दुसऱ्यानं खाली. मग दोघांनीही हात पदराखाली लपवावेत तसे उपरण्याखाली घेतले.

“फाटे फोडू नकोस,” कारभारी शेवटी म्हणाला. “ही मासळी डोहात सोडा, म्हणजे पाप तरी फिटेल. आणि हिला ठरल्या दिवशी पोचवा.”

चार मासे डोहात सोडण्यात आले.

एकविसाव्या दिवशी सकाळी सगळं गाव डोहावर गेलं. हौसाचं गाठोडं बांधून तयार होतं. काठाच्या बुडालेल्या गवतात कारभाऱ्यानं सवयीनं वाकून पाहिलं, आणि तो तसाच वाकलेला राहिला.

गवताच्या मुळांशी पाणी हलत होतं. मोहरीएवढी, शेपट्या फुटलेली, असंख्य पिल्लं.

“आले!” कारभारी ओरडला. “आले रे! एकवीस दिवसांचं व्रत फळलं!”

लोक नाचू लागले. पंचांनी एकमेकांना मिठ्या मारल्या. एक जण म्हणाला, “मी तेव्हाच म्हटलं होतं, नऊ कमी पडतात!” कारभारी डोळे पुसत हौसाकडे आला. त्याच्या आवाजात खरीच माया होती.

“पोरी, सोड ते गाठोडं. आमच्या व्रतानं तुझ्याही पायाचा दोष गेला. जा, सुखानं नांद.”

हौसा उभी राहिली. आता फक्त गप्प बसायचं होतं. गप्प बसली की घर तिचं होतं, चूल तिची होती, पाय स्वच्छ होते. मागून सासू पुटपुटली, “हौसे, तोंड उघडू नकोस. देव पावलाय तर घे.” नवरा पहिल्यांदाच तिच्याकडे बघून हसत होता.

तिनं पिल्लांकडे पाहिलं. दोन मासोळ्यांची पिल्लं. एका पावसाळ्यात गाव ती खाऊन संपवेल. मग पुढच्या वर्षी पंच एकतीस दिवस पाळतील, आणि नवी सून कुणाच्या तरी घरात आलेलीच असेल.

“आबा,” ती म्हणाली, “ही माझ्या हंडीतल्या माशांची पिल्लं आहेत. नदीतून एकही मासा आलेला नाही. येणारही नाही. भिंत आहे तिथे.”

नाच थांबला.

“अगं, तुला माफ केलंय!” कारभारी म्हणाला. त्याला खरंच कळत नव्हतं. “मग कशाला बोलतेस?”

“माफी कशाची? मी चुकलेच नाही. नारळ तुम्ही दिलात.”

पंच तिच्या अंगावर धावले. थोबाड फोडा हिचं, गाठोडं द्या हिच्या हातात, असा एकच गलका झाला. हौसानं स्वतःच गाठोडं उचललं. तेव्हा तिची सासू पुढे झाली आणि तिनं गाठोड्याचं दुसरं टोक धरलं.

“चला, मीही निघते,” ती कारभाऱ्याला म्हणाली. “मीही खालच्याच गावची. चाळीस वर्षं तुमच्यात नांदले. आमचे सगळ्यांचेच पाय एकदा धुऊन बघा, कारभारी. किंवा मग एकदा स्वतःचे उचला आणि भिंतीपर्यंत जाऊन या. दीड दिवसाची वाट आहे. तीन वर्षं उपाशी राहण्यापेक्षा कमी आहे.”

कारभाऱ्यानं डोहाकडे पाहिलं. त्याला आपले आजे-पणजे आठवत असावेत, किंवा काहीच आठवत नसावं. त्याचा चेहरा वाट चुकलेल्या माणसासारखा झाला होता. मग त्यानं काठी घेतली.

“दाखव,” तो हौसाला म्हणाला.

भिंतीवर पोचायला त्याला तीन दिवस लागले. त्यानं वाकून खाली पाहिलं. मासे आता कमी झाले होते, दमले होते. काही उलटे तरंगत होते. तरी एखादी मासोळी अजून उडी मारत होती. कारभारी काठी टेकत रखवालदारापुढे जाऊन उभा राहिला.

रखवालदारानं दौत उघडली. “बोला, काय लिहू?”

“लिहा, चूक झाली.”

“कुणाची?”

“दिवसच वाईट होते.”

“दिवसांची चूक लिहून घेत नाहीत, आजोबा. कुणाची?”

“गावाची.”

“गाव इथे आलंय का? कुणाची?”

कारभाऱ्यानं हौसाकडे पाहिलं. ती मदत करील असं त्याला वाटलं असावं. तिनं केली नाही. ती फक्त उभी राहिली. खाली एक मासोळी भिंतीवर आपटली आणि पाण्यात पडली.

“माझी,” कारभारी म्हणाला.

“मोठ्यानं बोला. पाण्याचा आवाज आहे.”

“माझी!” म्हातारा ओरडला. “माझी चूक झाली! नारळ मी दिला!”

काठावर टोपल्या घेऊन उभी असलेली माणसं वर बघू लागली. एवढ्या म्हाताऱ्या माणसाच्या तोंडून असं काही त्यांनी आयुष्यात ऐकलं नव्हतं. कुणीतरी टोपली खाली ठेवली. मग हौसाच्या आईनंही ठेवली.

हुकूम यायला एक वर्ष लागलं, उतरंड बांधायला दुसरं. त्यानंतर मासे चढले, पण पूर्वीच्या चौथाईनंसुद्धा नाही. जे भिंतीखाली मेले ते मेले. वरच्या गावानं माहेरपण पुन्हा नऊ दिवसांवर आणलं, आणि खालच्या गावानं कुरकुरत का होईना, तेवढे नऊ दिवस टोपल्या पालथ्या घातल्या. हौसा सासरीच नांदली. तिचे पाय पुन्हा कुणी पाहिले नाहीत.

तात्पर्य: मोठ्या माणसांनी वेळेवर ‘चुकलो’ म्हटलं नाही, तर त्यांची चूक घरातल्या सगळ्यात नव्या माणसाच्या पायाला चिकटते, आणि ते कबूल करायला जितका उशीर, तितके मासे भिंतीखाली मरतात.